आवडाबाईचं छप्पर

१

चष्मा पुसायचं मऊ फडकं माझ्या खिशात कायम असे, आणि मला स्वतःला चष्मा नव्हता. सकाळी त्या फडक्याने मी मुलीचा चष्मा पुसायचो आणि दुपारी जनावरांचे. हे मी एकदा सासुरवाडीला सहज बोलून गेलो, तेव्हापासून तिथे मला वाढताना जरा लांबून वाढतात.

त्याचं असं झालं. २००२ साली मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. सकाळची शाळा, दुपार मोकळी. माझी मुलगी उर्वी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिच्या चष्म्याचा नंबर तिच्या वयाच्या पुढे पळत होता. काचा एवढ्या जाड की चष्मा नाकावरून सारखा घसरायचा. मग ती उजवं मनगट वर नेऊन त्याच्या पाठीने तो वर ढकलायची. लहानपणी आंबा खाताना बोटं बरबटलेली असायची, तेव्हा लागलेली ही सवय. पुढे हात कोरडे असले तरी ती मनगटानेच ढकलायची.

चिपळूणचे डोळ्यांचे डॉक्टर दर खेपेला नंबर वाढवून द्यायचे आणि दर खेपेला तेच सांगायचे. "हे असंच वाढत गेलं तर आतला पडदा ताणून फाटेल. कधी डोळ्यांपुढे अंधारून आलं म्हणाली, तर हातातलं काम टाकून धावत या." परतीच्या एसटीत उर्वी खिडकीपाशी बसून दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करायची आणि मी तिच्या डोक्यावरून बाहेर बघत बसायचो. मला भीती वाटायची. ती मी उमाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचो नाही आणि तिची ती मला सांगायची नाही.

त्याच सुमारास डॉ. मुकुल राजवाडे भेटले. पुण्याचे, अंगाने गोल, बोलायला गोड आणि दर चार वाक्यांमागे एक आंबट ढेकर. शिरगावच्या अलीकडे आंब्याचा कॅनिंगचा एक कारखाना बंद पडला होता, तो भाड्याने घेऊन त्यांनी प्रयोगशाळा काढली होती. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि आत कित्येक हंगामांच्या आंबरसाचा मुरलेला वास. पिंजऱ्यांत ट्री श्रू नावाची जनावरं लवकरच येणार होती. दिसायला खार, नाकाने चिचुंद्री आणि डॉक्टरांच्या मते आतून माणूस.

"उंदरापेक्षा हे आपल्याला जवळचे, पाध्ये सर," ते म्हणाले. "यांना आपल्यासारखी कावीळ होते. शेजारी दांडगा नर ठेवला तर हे खिन्न होऊन जेवण सोडतात."

"म्हणजे माझा मेव्हणा," मी म्हणालो.

"आणि डोळे तर थेट आपले. पिल्लाला उणे नंबरचा चष्मा घातला की त्याला खरोखर नंबर लागतो. तो का वाढतो ते एकदा कळलं, की थांबवताही येईल."

"माझ्या मुलीचा?"

"कुणाचाही."

मी दुसऱ्या दिवसापासून दुपारचा जायला लागलो.

२

कारखान्याचा रखवालदार सखाराम हा कारखान्याबरोबरच मिळाला होता, बॉयलर मिळाला तसा. मूळचा नाटे गावचा. त्याला गाऱ्हाणं घालायचं व्यसन होतं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून एकजण सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात, ते गाऱ्हाणं. गावात ते सणावाराला होतं. सखाराम फ्रिज आला की घालायचा, पंप बसवला की घालायचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर आठवड्याच्या आत जळला, तेव्हा म्हणाला, "त्येचां आयुष्यच तेवढां व्हतां. पण गेला बघा कसो, कुणाला तरास न देता."

तेव्हा जनावरं आली त्या दिवशी त्याने नारळ आणला यात नवल नव्हतं. पिंजऱ्यांसमोर तो डोकीला टॉवेल गुंडाळून उभा राहिला. मी आणि डॉक्टर मागे हात जोडून.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या छपराखाली ही परमुलखातली मुकी जनावरां आणून ठेवलेली हायत!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. डॉक्टरांना मी कोपराने ढोसलं. तेही म्हणाले.

"तर आमचे सायब, मास्तर, ह्येंची बायकापोरां, ह्येंच्या अंगावर जां काय दुखणां असंल, पिडा असंल..."

"व्हय म्हाराजा!" आता डॉक्टरांना गंमत वाटायला लागली होती. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"तां ही जनावरां ह्या छपराखाली हायत तवर ह्येंनी आपल्या अंगावर घ्यावां, नि लेकराबाळांस सुखी ठेवावां!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघेही ओरडलो. वर कौलांवर एक कावळा होता, तो उडाला.

खोबरं खाता खाता डॉक्टरांनी विचारलं, "काय मागितलं हो त्याने?"

"काही नाही," मी म्हणालो. "माणसाचे रोग जनावरांवर घ्यायचे. तुमच्या प्रकल्पाचा उद्देश."

"वा! मला तो लिहायला तीस पानं लागली," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ढेकर दिली.

३

जनावरांना क्रमांक होते, पण सखारामला ते पसंत पडेनात. त्याने आपल्या नाट्याच्या गोतावळ्यातली नावं दिली. गलेलठ्ठ नराचं विठू, त्याच्या शेजारच्या चपळ नराचं सदू. एक लहानखुरी मादी होती, तिचं आवडाबाई. हे त्याच्या सख्ख्या वहिनीचं नाव. ती मान तशीच झटकते म्हणे. वहिनीच्या कानावर ही गोष्ट गेली आणि तिने सुके बांगडे पाठवणं बंद केलं.

काही जनावरांना आम्ही चष्मे लावले होते. पट्ट्याने डोक्याला बांधलेली एवढीशी काच, तीच मी रोज पुसायचो. काहींना मुद्दाम काहीच लावलं नव्हतं. प्रयोगात तुलनेला धडधाकट जनावर लागतं, तशी. आवडाबाई त्यातली. तिची नजर इतकी तेज की जाळीबाहेरून जाणारी मुंगीसुद्धा तिच्यातून सुटायची नाही.

दुपारी त्या शेडमध्ये दोनच आवाज असायचे. तापलेली कौलं मधूनच कटकन वाजायची, आणि जाळीवर नख्यांची टिकटिक. मोहोराचे दिवस होते. एका दुपारी सखाराम दारातून म्हणाला, "मळभ आलां वाटतां." मी आणि डॉक्टर, दोघांनीही झटकन वर पाहिलं. वर कौलं होती. पण रत्नागिरीत मोहोराच्या दिवसांत मळभ हा शब्द कानावर पडला की माणूस आधी वर बघतो. ढग आले की मोहोर काळा पडतो. जेवणारा घास हातात धरून वर बघतो. डॉक्टर पुण्याचे, पण सहा महिन्यांत त्यांनाही ती खोड लागली होती.

मान खाली केली तेव्हा माझी नजर आवडाबाईवर गेली. मी तिला चिकूची फोड दिली होती. ती फोड तिने दोन्ही पंजांत धरून अगदी डोळ्याला चिकटवली होती. बराच वेळ बघून मग खाल्ली. नंतर उजवा पंजा वर नेला आणि त्याच्या पाठीने नाकावरचं काहीतरी वर ढकललं.

नाकावर काही नव्हतं.

मी शास्त्राचा माणूस. आधी माशी धरली. मग खरूज. मग शेजारणीचं बघून शिकली असेल, असंही ठरवलं. पण शेजारणीचा चष्मा पट्ट्याने बांधलेला, तो घसरत नसे आणि ती तो ढकलतही नसे. पाच मिनिटांनी आवडाबाईने पुन्हा तेच केलं. सावकाश, कंटाळल्यासारखं, रोजचं काम असावं तसं.

डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले आणि माझ्यावर रागावले. "सर, तुम्ही पिंजरे बदललेत! हिला जबरदस्त नंबर आहे."

त्यांनी आकडा सांगितला. तो मला पाठ होता. चिपळूणच्या कागदावर उर्वीच्या नावापुढे तोच होता. मी डॉक्टरांना म्हणालो, "चूक झाली असेल," आणि चिकूच्या साली गोळा करायला लागलो.

४

उर्वीला जनावरं बघायची होती. एका शनिवारी मी तिला स्कूटरवर घालून नेलं. सखारामने तिला खुर्ची पुसून दिली, पण ती बसली नाही. थेट आवडाबाईच्या पिंजऱ्यापाशी गेली आणि आपल्याला नीट दिसावं म्हणून तिने जाळीला नाक लावलं. आतून आवडाबाईनेही जाळीला नाक लावलं.

दोघी बराच वेळ तशाच. कौल वाजलं. मग आवडाबाईचा पंजा वर गेला. आणि मग उर्वीचं मनगट.

"बाबा, बघा ना! ती माझी नक्कल करतेय!"

मी हसलो. सखाराम तर टाळ्या पिटून हसला. घरी जाताना मारुती मंदिराच्या चढावर माझ्या लक्षात आलं की नक्कल करणारा नंतर करतो. मी उगाचच गिअर बदलला आणि गाडी बंद पडली.

"तिला चष्मा का नाही दिलात?" मागून उर्वीने विचारलं. "तिला काहीच दिसत नाहीये."

"तिला गरज नाही."

"मला विचारा ना कशी गरज असते ती," उर्वी म्हणाली.

५

पुढच्या खेपेला चिपळूणच्या डॉक्टरांनी उर्वीचे डोळे तपासले, यंत्र पुसलं, पुन्हा तपासले, मग स्वतःचा चष्मा पुसला. नंबर उतरला होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी उतरला. "असं होत नाही," ते म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. उमाने गाजराच्या रसाला श्रेय दिलं. ते मी तिला घेऊ दिलं.

त्याच दिवसांत एका सकाळी मी फळीवरचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी खाली काढलं आणि उमा किंचाळली, "अहो, तुमचा हात!" माझा डावा खांदा दोन वर्षं आखडलेला होता. शर्ट घालायलासुद्धा मला उमा लागायची. आणि आता हात सरळ वर गेला होता. दुखलं तर नाहीच, उलट छान वाटलं. मी पातेलं परत वर ठेवलं आणि परत काढलं. उमा म्हणाली, पुरे.

दुपारी शेडमध्ये गेलो तर सदू फांदीवरून तीन पायांवर चालत होता. डावा पुढचा पाय छातीशी आखडलेला. विठू कोपऱ्यात पोट फुगवून बसला होता. त्याने तोंड उघडलं, आणि एवढ्याशा जनावरातून जो आवाज निघाला तो मी महिनोन्महिने ऐकत आलो होतो. फक्त पूर्वी त्याच्या आगेमागे पुणेरी वाक्यं असायची.

डॉक्टर मात्र खुशीत. सकाळीच तिखट मिसळ खाऊन आले होते आणि चार सोडून चाळीस वाक्यं बोलले तरी ढेकर नव्हती. "पाध्ये सर, आपोआप रोग होतायत! आपण काहीही न करता! जगात कुठे असं घडलं नसेल!"

"घडलं नसेल," मी म्हणालो.

सखारामला मी बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या गाऱ्हाण्याचा याच्याशी काही संबंध आहे का. त्याने इतका आनंदी चेहरा केला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. "म्हंजे लागू झालां म्हणतास, मास्तर? आतापरेंत एकपण झालां नव्हतां!"

दिवाळीत उर्वीने चष्मा काढून कपाटात ठेवला. अंगणातून ती रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी वाचायची आणि मला ओरडून सांगायची. हेदवी. नाटे. चिपळूण. मी आत उभा राहून ऐकायचो आणि डोळे भरून यायचे. इकडे आवडाबाईचे डोळे दुधाळ होत गेले. ती पिंजऱ्यात आपटायची, वाटीत पाय घालायची, फोड नाकाने शोधायची. मी पुढे होऊन फोड तिच्या पंजात द्यायचो आणि जाळीकडे बघायचो, तिच्याकडे नाही. मला वाईट वाटायचं. आणि त्याहून कितीतरी जास्त मला आनंद व्हायचा.

६

दुसऱ्या वर्षी वरून येणारी मदत थांबली. मालकाने कारखाना बंगल्यांसाठी विकला, छप्पर उतरवायची तारीख ठरली. जनावरं पुण्याच्या एका संस्थेत जाणार होती. आवडाबाईला मी मागून घेतलं. "न्या," डॉक्टर म्हणाले. "आंधळं जनावर डोळ्यांच्या प्रयोगाला काय कामाचं?"

टेम्पो दाराशी लागला. डॉक्टर अंगणात चहाचा कप घेऊन उभे होते. हमालाने विठूचा पिंजरा उचलला, दाराबाहेर आणला, छपराच्या पागोळीच्या रेषेपलीकडे पाऊल टाकलं, आणि डॉक्टरांनी ढेकर दिली. इतकी मोठी की चहा बशीत सांडला. ते स्वतःच चकित झाले.

मी टेम्पोमागे उभा राहून डावा हात वर करून ड्रायव्हरला थांबायची खूण करत होतो. सदूचा पिंजरा बाहेर आला. हमालाने तो टेम्पोत ठेवला. सदूने जाळीत डावा पंजा सरळ केला, बोटं फाकवली, मिटली. आणि माझा हात वरच राहिला. खाली येईना. खांद्यात कुणी खुंटी मारावी तशी कळ. ड्रायव्हर आरशात माझा वर केलेला हात बघून ब्रेक दाबून बसलेला.

"येऊ का मागे?"

"ये!"

"मग हात खाली करा की!"

"होत नाहीये!"

सखाराम शेजारी येऊन उभा राहिला. पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग वर कौलांकडे. "छपर सुटलां," तो हळूच म्हणाला.

ह्या छपराखाली हायत तवर. मी त्याला होकार भरला होता. ओरडून भरला होता.

तेवढ्यात दुसरा हमाल आतून आवडाबाईचा पिंजरा उचलून दाराकडे निघालेला मला दिसला. मी धावलो. एक हात वर, एक हात आडवा, असा मी दारात उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो की कुणीही पुढे यायचं नाही. हमालाने पिंजरा खाली ठेवला. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्हाला निरोप देणं जड जातंय हे मी समजू शकतो," आणि पुन्हा ढेकर दिली.

७

विज्ञानाच्या शिक्षकाने कारखान्यावर चढून कौलं काढण्यात तसं गैर काही नव्हतं. ती विकली जाणारच होती. प्रश्न एवढाच होता की कौलं पुरतील का वासेही लागतील. सखारामने थोडा विचार केला आणि निकाल दिला, "छपर म्हंजे कौलां. वासे काय, कुणाचेपण चालतात." हे त्याला कसं माहीत, असं मी विचारलं नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

पोत्यात भरता येतील तेवढी कौलं घरी पोचवली. शेवटच्या खेपेला आवडाबाई. मी स्कूटरवर, मागे मांडीवर पिंजरा घेऊन सखाराम, आणि पिंजऱ्यावर त्याने दोन्ही हातांनी धरलेलं एक कौल. उंबऱ्यातून निघताना आम्ही दोघेही श्वास रोखून होतो. खड्डा आला की मी ओरडायचो, "कौल!" आणि तो ओरडायचा, "हाय!"

मारुती मंदिरापाशी हवालदाराने अडवलं.

"काय आहे त्यात?"

"खार," मी म्हणालो.

"आणि कौल कशाला?"

"ऊन लागतां तिला," सखाराम म्हणाला.

हवालदाराने आम्हा दोघांच्या उघड्या डोक्यांकडे आणि घामाने भिजलेल्या शर्टांकडे बराच वेळ पाहिलं. मग शिट्टी तोंडात घालून दुसरीकडे बघायला लागला.

नाचणे भागात आमच्या घरापाशी वळलो. उर्वी पायरीवर बसली होती. मी फाटकापाशीच गाडी उभी केली आणि तिच्याकडे बघत राहिलो.

"बाबा," ती तिथूनच ओरडली, "तुमच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय!"

मी फाटकाला धरून रडलो. उमाला वाटलं, बटणासाठी.

८

कलमांच्या सावलीत, अंगणाच्या कडेला मी पिंजऱ्यावर छोटं छप्पर उभं केलं. माझे वासे, कारखान्याची कौलं. घरात सांगितलं, हिला उजेड सोसत नाही, कौलं कुणी हलवायची नाहीत. उमा म्हणाली, जनावराला कौलारू घर आणि आपल्या न्हाणीला गळका पत्रा. पण ती हलवणाऱ्यातली नव्हती. मला भीती होती ती वानरांची. त्यांच्यासाठी मी फटाके आणून ठेवले. वाऱ्यासाठी कौलांवर चिरे ठेवले. रोज सकाळी उठल्यावर आधी कौलं बघायचो आणि मग उर्वीला हाक मारून कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचायला लावायचो. ती वाचायची. खांदा दुखायचा तो मी आनंदाने दुखू द्यायचो.

दोन वर्षं गेली. उर्वी बारा वर्षांची झाली. शाळेतून आली की पिंजऱ्यापाशी बसायची, आवडाबाईला फळं भरवायची, तिच्याशी गप्पा मारायची. एकदा तिने मला विचारलं, "बाबा, पाटाखाली राहिलेलं गवत पिवळं का पडतं?"

"उजेड मिळत नाही म्हणून," मी म्हणालो. शिक्षक होतो, उत्तर बरोबर दिलं.

त्यानंतरचा रविवार. मार्च महिना, आंबा चांगला धरलेला, सकाळी दहाचं ऊन. मी माडीवर उत्तरपत्रिका तपासत होतो. खालून चिऱ्यावर चिरा ठेवल्याचा आवाज आला. मग कौलावर कौल. एकेक, जपून. मी लाल पेन घेऊनच जिन्याने धावलो.

अंगणात कौलांची नीट चळत लावलेली होती. एकही फुटलेलं नव्हतं. पिंजऱ्यावर उघडं ऊन पडलं होतं आणि उर्वी त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती, पाठमोरी.

"बाबा, तुम्हीच का? रागावू नका ना. अंधारात ठेवल्यामुळेच तिचे डोळे गेलेत. आणि बघा, मी काढल्या काढल्या..."

मी बघत होतो. आवडाबाई उन्हात उभी होती. तिचे डोळे काळेभोर होते. माझ्या हातातलं लाल पेन हललं तसे ते हलले. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी दोन वर्षं तिच्याकडे पाहिलं नव्हतं, ते सगळं तिने एकदम पाहून घेतलं असं मला वाटलं.

मी चळतीवरचं कौल उचललं. पिंजऱ्यावर ठेवायला दोन्ही हात वर न्यायला हवे होते. डावा छातीपर्यंत आला आणि तिथे अडला. कौल निसटलं, फरशीवर फुटलं. उर्वी त्या आवाजाने दचकली, पण तिने त्या दिशेला पाहिलं नाही. तिने सावकाश उजवं मनगट वर नेलं आणि त्याच्या पाठीने नाकावरचं काहीतरी वर ढकललं.

"उर्वी," मी म्हणालो.

तिने माझ्या आवाजाकडे तोंड केलं. माझ्याकडे नाही, जरा बाजूला. चेहऱ्यावर अजून ते कौतुक होतं, बक्षीस मिळेल असं वाटणाऱ्या पोराचं.

"बाबा, एकदम मळभ आलं का हो?"

मी वर पाहिलं नाही. आवडाबाईने पाहिलं.